शिवणीतली माया

बेंगळुरूत टाउन हॉलच्या जवळ सदर पत्रप्पा रोड आहे. त्याला सगळे एस. पी. रोड म्हणतात. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली, तसा बेंगळुरूला हा रस्ता. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती इथून लांब राहिल्या. इथे पुठ्ठ्याचे खोके, वायरींची भेंडोळी, हातगाड्या आणि काउंटरवर कोपर टेकून भाव विचारणारी माणसं. दोन वर्षांपूर्वी मी इथे रॅम घ्यायला गेलो होतो. सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिक हव्या होत्या. एका डब्यात दोन असलेलं किट जरा महाग पडत होतं, म्हणून मी म्हटलं, सुट्या दोन द्या, एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या. मघाशी मी फोनवर घरी मराठीत बोललो होतो, ते काउंटरवरच्या मुलाने ऐकलं होतं. तो बेळगावचा निघाला. म्हणाला, "साहेब, सुट्या नका घेऊ. वरचं लेबल सेम असतंय, आतली चिप सेम असेलच असं नाही. डब्यातल्या दोन कंपनीनं एकत्र लावून बघितलेल्या असतात. तेवढ्याचेच जास्तीचे पैसे."

तो मुलगा बरोबर बोलत होता. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीच्या ब्रँडचं काम म्हणजे चिप विकत घेऊन त्या पट्टीवर बसवायच्या, तपासायच्या आणि वर धातूचं आवरण चढवून विकायच्या. एकाच नावाच्या मालात या महिन्यात एका कंपनीची चिप असते, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची. बाहेरून काही कळत नाही. मी किटच घेतलं. डब्यावर लिहिलं होतं: डीडीआर५, ६०००, ३०-३८-३८-९६, १.३५ व्होल्ट.

हे आकडे काय सांगतात आणि त्यातलं कितपत खरं धरायचं, हे समजून घ्यायला आधी त्या काळ्या चिपच्या आत जावं लागेल.

संगणकाची चालू स्मृती म्हणजे डीरॅम. तिची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचं पेटंट त्यांना मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, बस. ट्रान्झिस्टर म्हणजे दार, कपॅसिटर म्हणजे दाराआडचं मडकं. मडकं भरलेलं असलं तर १, रिकामं असलं तर ०. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन आहेत, आणि तेही दहा हजारांच्या पटीत मोजता येतील इतके थोडे. मडकं मातीचंच म्हणायला हवं, कारण ते पाझरतं. भरलेलं मडकं तसंच सोडून दिलं तर थोड्या वेळात ते भरलेलं होतं की रिकामं, हेच सांगता येणार नाही. म्हणून संगणक दर काही मिलिसेकंदांनी एकेका ओळीतली सगळी मडकी तपासतो आणि जी भरलेली होती ती पुन्हा काठोकाठ भरतो. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर५ च्या मानकाप्रमाणे नेहमीच्या तापमानाला प्रत्येक ओळीची पाळी ३२ मिलिसेकंदांत एकदा आलीच पाहिजे. तुम्ही हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या संगणकातलं प्रत्येक मडकं शंभराहून जास्त वेळा भरून झालेलं असतं.

साठवलेलं वाचायचं कसं, ते त्या चार आकड्यांमध्ये आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादा कागद हवा असेल तर तो रुमाल फडताळातून काढून सोडायचा, त्यातला नेमका कागद शोधून हातात घ्यायचा, आणि दुसऱ्या रुमालातलं काही हवं असेल तर आधी हा पुन्हा नीट बांधून ठेवायचा. डीरॅममध्ये अगदी असंच चालतं. चिपमधली एक संपूर्ण ओळ म्हणजे रुमाल. डब्यावरचा दुसरा आकडा, ३८, म्हणजे रुमाल सोडायला लागणारी घड्याळाची टिकटिक. पहिला आकडा, ३०, म्हणजे सोडलेल्या रुमालातून कागद हाती यायला लागणारा वेळ. यालाच सीएल म्हणतात आणि बाजारात तोच सगळ्यात जास्त बोलला जातो. तिसरा आकडा रुमाल बांधून पुढच्यासाठी तयार होण्याचा. चौथा, ९६, म्हणजे एकदा सोडलेला रुमाल निदान इतका वेळ उघडा राहिलाच पाहिजे. हा शेवटचा नियम का, तर डीरॅम वाचताना मडक्यातलं पाणी सांडतं. वाचणं म्हणजेच रिकामं करणं. वाचून झालं की तेच परत भरावं लागतं, आणि ते पुरतं भरायच्या आत रुमाल बांधला तर पुढच्या वेळी कागदावरची अक्षरं पुसट झालेली असतात.

टिकटिकीचे आकडे एकटे बघून काही उपयोग नाही, टिक किती लांबीची आहे तेही बघावं लागतं. ६००० म्हणजे सेकंदाला सहाशे कोटी हस्तांतरणं. एका टिकेत दोन होतात, म्हणजे एक टिक एक तृतीयांश नॅनोसेकंदाची. ३० टिका म्हणजे १० नॅनोसेकंद. गंमत अशी की वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या डीडीआर-४०० रॅमचा सीएल २ होता आणि तेही १० नॅनोसेकंदच भरतात. मधल्या काळात रुंदी वाढली, एका दमात येणारा माल पंधरा पट झाला, पण रुमाल सोडून पहिला कागद हाती यायला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहिला. मडकं आणि पाझर यांचं भौतिकशास्त्र कंपनीच्या जाहिरातीने बदलत नाही. म्हणून नुसत्या मोठ्या आकड्याला भुलून पैसे टाकू नयेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. ८००० आणि सीएल ४० हेही १० नॅनोसेकंदच होतात.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे चिप पळवणं. शाळेच्या गणवेशाची पँट शिवायला टाकताना आई शिंप्याला बजावायची, "आत माया सोडा हं." पोरगं वाढतंय, पुढच्या वर्षी उसवून वाढवता आली पाहिजे. चिप बनवणारेही माया सोडतात. विकलेली प्रत्येक चिप ८५ अंशांच्या उन्हातही, कमी व्होल्टेजवरही, पाच-सात वर्षं वापरून थकल्यावरही बरोबर चालली पाहिजे, असा हिशेब धरून तिचा वेग ठरवला जातो. म्हणजे नवी, थंड, नीट वीज मिळालेली चिप त्याहून पुष्कळ वेगाने धावू शकते. त्यातही सगळ्या चिप सारख्या नसतात. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपपैकी काही जात्याच तल्लख निघतात. त्या निवडून वेगळ्या काढायच्या, दोन-दोनच्या जोड्या लावून बघायच्या आणि जास्त किमतीला विकायच्या, हाच किटचा धंदा.

पुष्कळांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की डब्यावरचा ६००० हा आकडा स्वतःच ओव्हरक्लॉक आहे. माझं किट पहिल्यांदा लावलं तेव्हा ते १.१ व्होल्टवर ४८०० ने चालू झालं, कारण मानक संस्थेने, जेडेकने, आखून दिलेला तोच वेग पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये पहिला लिहिलेला असतो. ६००० ची नोंद त्याच चिपमध्ये वेगळी असते. इंटेलने २००७ साली सुरू केलेल्या पद्धतीला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२ साली आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. बायॉसमध्ये जाऊन ती तुम्ही स्वतः चालू करायची असते. ज्यांनी ती केली नाही त्यांची महागडी रॅम वर्षानुवर्षं ४८०० वरच चालत राहते. आणि ज्यांनी केली त्यांनी शिंप्याने सोडलेली माया उसवायला घेतली आहे, मग त्यांना ते माहीत असो वा नसो.

बेंगळुरूत या विषयाला एक वेगळीच धार आहे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे आपलं केंद्र उघडलं. पुढे इंटेल, एएमडी, सॅमसंगची सेमीकंडक्टर संशोधन शाखा, मेमरी जोडणीवर काम करणारी रॅम्बस, सगळे आले. या शहरात हजारो अभियंत्यांचं रोजचं काम एकच: तयार झालेली चिप कुठे मोडते ते शोधणं. मराठी मुलं-मुलीही त्यात पुष्कळ आहेत. व्होल्टेज थोडं कमी करा, वेग थोडा वाढवा, चालली की नाही ते लिहा. पुन्हा कमी, पुन्हा वाढवा. आडव्या रेषेवर व्होल्टेज, उभ्या रेषेवर वेग, चाललं तिथे हिरवं, मोडलं तिथे लाल. तयार होणाऱ्या चित्राला शमू म्हणतात. अमेरिकेतल्या अॅल कॅप यांच्या चित्रमालिकेत शमू नावाचा एक गोलमटोल प्राणी होता, त्याच्या आकारावरून हे नाव पडलं. प्रयोगशाळेत "शमू काढला का?" असं सहज विचारतात. एस. पी. रोडवरून किट घेऊन घरी जाणारा मुलगा रात्री जे करतो ते हेच काम, फक्त त्याच्याकडे लाखोंची उपकरणं नसतात. त्याच्याकडे एक पीसी असतो, एक वही असते आणि रात्र असते. मी या छंदाकडे आदराने बघतो तो यासाठी.

माझी स्वतःची वही आहे. तिच्यातलं पहिलं पान भीतीचं आहे. ६००० चालू केलं, यंत्र बंद होऊन परत सुरू झालं, पंखे फिरायला लागले, पडदा काळा. मदरबोर्डवर डीरॅम लिहिलेला बारीक दिवा पेटलेला. एक मिनिट झालं, दोन झाली. किट गेलं असंच वाटलं. तेवढ्यात पडद्यावर चिन्ह उमटलं. ही उशिराची दोन मिनिटं प्रत्येक डीडीआर५ वाल्याने अनुभवलेली असतात आणि घाबरून बटण दाबून यंत्र बंद करणारेही पुष्कळ असतात. तसं करू नये. त्या वेळी आत प्रशिक्षण चाललेलं असतं. ६००० च्या वेगाला एक बिट तारेवर जेवढा वेळ असतो तेवढ्यात विद्युतसंकेत मदरबोर्डवर जेमतेम इंचभर सरकतो. म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या त्या वीतभरही नसलेल्या वाटेवर दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे तीन-चार बिट एकामागे एक चाललेले असतात. प्रत्येक तारेवरची दिंडी एकाच क्षणी पोचली पाहिजे. मदरबोर्डवर रॅमच्या खाचांजवळ बघा, काही तारा नागमोडी काढलेल्या दिसतील. जवळच्या तारेला मुद्दाम वळसे देऊन लांबच्या तारेइतकी लांबी दिलेली असते. तरीही उरलेला फरक यंत्राला स्वतः मोजून दुरुस्त करावा लागतो. ती दोन मिनिटं त्या मोजणीची.

६००० लागलं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी हाच वेग सगळ्यात फायद्याचा, असं कंपनीच सांगत होती, म्हणून वेग तिथेच ठेवून मी पुढे आतले आकडे कमी करायला घेतले. एका वेळी एकच. हा नियम मोडला की कुठल्या बदलाने मोडलं ते कळत नाही आणि रात्र वाया जाते. इथपर्यंतचं काम धीराचं आहे, अवघड नाही. वेग मिळवणं सोपं असतं. मिळालेला वेग खरा आहे का, हे शोधायला खरं कौशल्य लागतं, आणि त्यात मी एकदा हरलेलो आहे.

याच्या आधीच्या यंत्रात डीडीआर४ होती. तिचे आकडे मी खाली आणले, विंडोज सुरू झालं, गेम दोन तास चालला, म्हटलं झालं काम. त्याच महिन्यात साताऱ्याच्या घरातल्या जुन्या फोटोंचे स्कॅन एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेले आणि पहिली डिस्क पुसून टाकली. तीन महिन्यांनी बहिणीने एक फोटो मागितला. उघडला तर वरचा अर्धा भाग नीट, खालचा अर्धा राखाडी. मग सगळे चौदाशे फोटो एकेक करून पाहिले. अकरा तसे निघाले. डिस्कवरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल मध्ये रॅममध्ये येते. तिथे कुठेतरी एखादं मडकं चुकीचं वाचलं गेलं आणि चुकीचंच पुढे लिहिलं गेलं. यंत्र एकदाही बंद पडलं नाही, निळा पडदा आला नाही, कसलीही सूचना आली नाही. दहा फोटो परत स्कॅन करता आले. अकराव्याची मूळ प्रत मधल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ली होती. त्यात आजी विहिरीच्या काठावर बसलेली होती.

तेव्हापासून मी टेस्टवर वेगापेक्षा जास्त वेळ घालवतो.

रॅम तपासायची म्हणजे काय करायचं? प्रत्येक मडक्यात १ लिहून वाचायचं, ० लिहून वाचायचं, एवढं पुरेल असं वाटतं. पुरत नाही. मडकी एकमेकांना इतकी चिकटून असतात की शेजारच्याला वारंवार हात लावला तर आपलं पाणी हिंदकळतं. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. याला रोहॅमर म्हणतात. म्हणजे प्रत्येक मडक्यावर बाकीच्या प्रत्येक मडक्याचा परिणाम तपासायला हवा. ३२ जीबीमध्ये साडेसत्तावीस हजार कोटींच्या आसपास बिट असतात. त्यांच्या सगळ्या जोड्या दोन्ही बाजूंनी तपासायला, एका तपासणीला १० नॅनोसेकंद धरले तर, दोन कोटी चाळीस लाख वर्षं लागतील. म्हणून टेस्ट लिहिणाऱ्यांनी डोकं वापरलं. सगळ्या रॅममधून पुढून मागे आणि मागून पुढे ठरावीक पावलांनी चालत जायचं, वाचायचं, उलटं लिहायचं, पुन्हा वाचायचं. शेजाऱ्यांच्या बहुतेक खोड्या यात पकडल्या जातात. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली लिहिलेला मेमटेस्ट८६ अशाच पद्धतींवर उभा आहे. तो पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, आणि नव्या आवृत्तीत हॅमर टेस्टही आहे.

तो पहिला दरवाजा. ओव्हरक्लॉक केलेली रॅम मेमटेस्ट८६ मध्ये पास होऊनही नंतर चुकू शकते, कारण तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आरामात बसलेली असतात. म्हणून पुढे विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा कारहू, आणि त्यानंतर वाय-क्रंचर. हा शेवटचा माझा आवडता. मुळात तो पायचे (π चे) दशांश मोजायचा प्रोग्रॅम. जगातले गेल्या कित्येक वर्षांतले पायचे विक्रम त्यानेच झाले आहेत. त्यातलं सूत्र चुडनोव्स्की बंधूंचं, आणि त्याची मुळं श्रीनिवास रामानुजन यांच्या १९१४ च्या लेखापर्यंत जातात. अशा मोजणीत मधला एक बिट चुकला की पुढचं सगळं उत्तर कोसळतं. चुकीला लपायला जागाच राहत नाही.

आता माझ्या वहीतल्या एप्रिल महिन्याच्या दोन ओळी.

"१४ एप्रिल, रात्री ११.१०. टी-रेफी ६५५३५. स्टिक ४३ अंश. तीन तास. एरर शून्य."

"१५ एप्रिल, दुपारी २.४०. तेच सगळं. स्टिक ५६ अंश. बाविसाव्या मिनिटाला एरर."

टी-रेफी म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर. रिफ्रेश चालू असताना त्या मडक्यांना हात लावता येत नाही. नेहमीच्या १६ गिगाबिट चिपला एका रिफ्रेशला २९५ नॅनोसेकंद लागतात आणि मानकाप्रमाणे दर ३.९ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश होतो, म्हणजे जवळजवळ साडेसात टक्के वेळ नुसता पाणी भरण्यात जातो. म्हणून ओव्हरक्लॉक करणारे हे अंतर ताणतात. माझा बायॉस घेईल तो सगळ्यात मोठा आकडा ६५५३५ टिका. ६००० वर ते २१.८ मायक्रोसेकंद होतात. वेग खरोखर वाढतो, मोजता येतो. पण ज्या मडक्याला ३२ मिलिसेकंदांनी पाणी मिळायचं ते आता १७९ मिलिसेकंद वाट बघतं. आणि पाझर तापमानाबरोबर वाढतो. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना दुप्पट. रात्रीच्या ४३ वरून दुपारच्या ५६ वर गेलं की पाझर सुमारे अडीचपट. रात्री जेमतेम तग धरणारं एखादं मडकं दुपारी कोरडं पडतं.

बेंगळुरूची हवा थंड, असं अजून सगळे म्हणतात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर असल्याने ती बऱ्याच अंशी आहेही. पण एप्रिल २०१६ मध्ये इथे ३९.२ अंशांची नोंद झाली आहे. इथला छंदी माणूस कामावरून आल्यावर रात्री खिडकी उघडी ठेवून टेस्ट लावतो, सकाळी हिरवा निकाल बघून खूश होतो. त्याचं यंत्र मात्र शनिवारी दुपारी, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येत असताना वापरलं जातं. टेस्ट घ्यायची ती त्या दुपारी. याच शहरात यू. आर. राव उपग्रह केंद्रात उपग्रह मोठ्या निर्वात कक्षात तापवून आणि गोठवून तपासतात. जिथे राहायचं आहे तिथल्यासारखी परिस्थिती उभी करायची, हे तत्त्व घरच्या टेबलावरही तेच.

द्रवरूप नायट्रोजन ओतून, उणे १९६ अंशांच्या थंडीत, रॅम १२,००० च्या पुढे नेणारे लोक जगात आहेत. ती सीमा २०२४ साली ओलांडली गेली. ते कसब मोठं आहे. पण तिथे रॅमने नोंद होईपर्यंतचे काही क्षण तग धरला की झालं. तिच्यावर कुणी आजीचा फोटो ठेवत नाही.

डीडीआर५ मध्ये चुका लपायला आणखी एक जागा आहे. चिपच्या आतच दुरुस्तीची सोय असते: १२८ बिटांमागे ८ जादा बिट, आणि एखादा बिट उलटला तर चिप तो गुपचूप सरळ करून देते. यावरून दुकानदार "यात ईसीसी आहे" असं सांगतात. ती सोय चिपच्या चार भिंतींतली. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर दिंडीत गोंधळ झाला तर ती काही करू शकत नाही, आणि आत किती चुका सरळ कराव्या लागल्या हेही नेहमीच्या घरच्या यंत्रात आपल्याला दिसत नाही. म्हणजे माया कितपत उरली आहे हे बघायची जी एक फट होती, तीही बुजली.

बिट उलटायला ओव्हरक्लॉकिंगच लागतं असं नाही. १९७८ साली इंटेलमधल्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी शोधून काढलं की चिपच्या आवरणातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. मे २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला यंत्रावर नेमकी ४०९६ मतं जास्त पडली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट. मतं शक्य होती त्यापेक्षा जास्त निघाली म्हणून चूक उघडकीस आली. कारण सिद्ध झालं नाही, पण संशय उलटलेल्या बिटावर राहिला. गूगलच्या हजारो यंत्रांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक चूक आढळली. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेहून बराच कमी दिसला, हे मला फार बोलकं वाटतं. माझा त्यावरचा अर्थ असा: त्या यंत्रांतली माया कुणी उसवलेली नव्हती. म्हणून ऊन वाढलं तरी शिवण टिकली. माझ्या यंत्रात ती मी स्वतः उसवली होती.

खरं ईसीसी, म्हणजे पट्टीवर जादा चिप असलेलं आणि चुकांची नोंद ठेवणारं, सर्व्हरमध्ये असतं. भारतीय विज्ञान संस्थेत जानेवारी २०२२ मध्ये ३.३ पेटाफ्लॉपचा परम प्रवेग सुरू झाला; पुण्याच्या सीडॅकने १९९१ साली बनवलेल्या परम ८००० च्याच घराण्यातला हा महासंगणक. अशा यंत्रांवर दिवस-दिवस चालणारी गणितं असतात, तिथे ईसीसी रॅम आणि मानकातला वेग हाच शिरस्ता. वेगासाठीच बांधलेल्या यंत्राने रॅमचा वेग ताणायचा नाही, याचा घरच्या छंदी माणसाने जरूर विचार करावा.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी कारखान्यांचा माल आधीच उचलला, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत आहे त्या किटमधून थोडा जास्त वेग काढावा असं वाटणं अगदी रास्त आहे. काढावाच. पण जुनी, वापरलेली स्टिकही आता एस. पी. रोडवर हातोहात जाते, आणि तिची आधी कुणी किती माया उसवली होती ते लेबलवर लिहिलेलं नसतं.

माझ्या यंत्रात आज ६००० आहे, सीएल ३०, आणि टी-रेफी मानकातल्या ३.९ मायक्रोसेकंदांवर परत आणलेला. तो ताणून जो वेग मिळत होता तो मी सोडून दिला. तुम्ही किट आणलंत तर पहिली रात्र मेमटेस्ट८६ ला द्या आणि पहिली रिकामी दुपार वाय-क्रंचरला, खिडकी बंद करून. एक जरी एरर आला तरी दुकानात परत द्या. एका एररने काही बिघडत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तोपर्यंत पावती जपा, डबा फाडू नका आणि जुन्या डिस्कवरचं काहीही पुसू नका.